सवडीचं कॉलेज

माझी मावशी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यात ती प्लास्टर ओतते, मेणावर एकेक दात लावते, घासूनपुसून चकचकीत करते आणि डबीत घालून पाठवते. "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं," असं ती म्हणायची. तेव्हा ती स्वतःही बरीच हसायची.

ठसा भरला की प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात रिकामे. बाकीचे त्या वेळात गप्पा मारायचे, मावशी कानात इयरफोन घालून व्याख्यानं ऐकायची. चाळिशी उलटल्यावर तिने कॉलेजात नाव घातलं होतं, नोकरी करणाऱ्यांसाठीच्या शाखेत. धडे फोनवर, वर्ग फक्त रविवारी, आणि परीक्षा एकेका विषयाची. परीक्षेच्या महिन्यातला कुठला दिवस हवा तो आपणच निवडायचा. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'आपल्या सवडीने शिका'.

त्या एका शब्दाने घात केला. आमच्या घरात सवडीने करायची कामं म्हणजे माळा आवरणं आणि जुने फोटो अल्बममध्ये लावणं. म्हणजे कधीच न होणारी. आजी पाहुण्यांना सांगायची, "हिचं सवडीचं कॉलेज आहे." मामा चेष्टा करायचा, "झकास कॉलेज आहे बुवा. ना घंटा, ना हजेरी." मावशीही त्यांच्यात हसायची. मला मामाचा राग येतो, आणि तो माणूस वाईट नाही हीच तर पंचाईत आहे.

मावशीला पदवी मिरवायची नव्हती. दंतवैद्यकाच्या कॉलेजात कवळ्या करायला शिकवणाऱ्या बाई निवृत्त होणार होत्या. त्यांनीच तिला सांगून ठेवलं होतं, "पदवी कुठलीही चालेल, पण हवी. तेवढी घे आणि माझ्या जागी ये." मावशीला शिकवायची भारी हौस. मी लहानपणी तिच्याकडे राहायला गेले की माझ्या हातात मेणाचा गोळा देऊन दाढ कशी कोरायची ते दाखवत बसायची. मी कंटाळायचे, ती नाही.

एकेक करत विषय सुटत गेले. अर्थशास्त्र तेवढं राहिलं. परीक्षेचा महिना लागला तसा तिने पहिल्याच आठवड्यातला दिवस धरला, तर माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, आणि मी तेव्हा परगावी. आईची तारीख डॉक्टरांनी दिलेली, ती कशी हलणार? मावशीने आपला दिवस पुढे ढकलला. मग मामाच्या दुकानात मालाची मोजणी आली आणि आजीजवळ बसायला कुणी नव्हतं. "तुझं काय, तुझं कधीही चालतं," मामा म्हणाला. तिने पुन्हा ढकलला. फोनवर बोट टेकवलं की तारीख बदलायची, इतकं सोपं. सोपं होतं म्हणूनच वाटोळं झालं. तारीख पक्की असती तर ती निदान भांडली असती.

असं करता करता शेवटचा दिवस उरला. त्या सकाळी ती तयार होऊन दारात चपला घालत होती आणि आजी बाथरूममध्ये घसरली. मांडीचं हाड मोडलं. मामा माल आणायला बाहेरगावी गेलेला. ऑपरेशनपासून तिथेच राहिलेली आई डोळ्यांत थेंब घालून बसलेली. मावशी आजीबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढली. दुसरं काय करणार होती बिचारी? त्या दिवसाबद्दल माझं काही म्हणणं नाही. आधीचे सगळे दिवस मात्र घरच्यांनी उधळले, असं मी आजही तोंडावर सांगेन.

पुढची परीक्षा येईपर्यंत ती जागा भरली. त्यानंतर मावशीने तारीख धरलीच नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. आजी गेली, मामाचं दुकान त्याचा मुलगा बघायला लागला. परवा मला कळलं की कॉलेजने नियम सैल केलाय, जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेला विषय देता येतो. दंतवैद्यकाच्या कॉलेजात पुन्हा जागाही निघालीय. मी ऑफिसातून तडक मावशीकडे गेले.

"मी रजा काढते," मी म्हटलं. "तुला नेऊन सोडते, पेपर सुटेपर्यंत बाहेर बसते. त्या दिवशी घरात कुणाला शिंकसुद्धा येऊ देणार नाही."

ती कवळीची कड घासत होती. घासायची थांबली नाही.

"मला नको गं आता," ती म्हणाली.

"विसरलीस का सगळं? मी घेते की उजळणी."

"विसरले कुठे? मध्ये पुस्तक उघडून बघितलं, येतंय सगळं." तिने कवळी उजेडात धरून बघितली. "पण त्या पोरींपुढे उभं राहून शिकवायची ओढ होती ना, ती गेली. वाटलं होतं येईल परत. नाही आली."

मला रडू यायला लागलं आणि रागही आला. असं कसं जातं, म्हणून मी तिच्याशी भांडले. तिने सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं.

मी निघताना ती दारापर्यंत आली. "दादाला यातलं काही बोलू नकोस हं," ती म्हणाली. "त्याला उगाच वाटेल, त्याच्यामुळे झालं."

त्याच्यामुळेच झालं, आमच्या सगळ्यांमुळे झालं, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "नाही सांगत."