वारलूचं शेवटचं कडवं

मुजफ्फरचे वडील बशीरभाई गडचिरोलीकडच्या चामोर्शी भागात लग्नाबारशाला भोंगे लावायचे. एकदा चिंचेवर भोंगा बांधता बांधता खाली पडले आणि कंबरेतून कायमचे अधू झाले. तेव्हा मुजफ्फरनं ठरवलं, धंदा आवाजाचाच करायचा, पण जमिनीवर बसून. बाजारचौकात त्यानं कॅसेटचं दुकान टाकलं. मागं एक खोली होती. तिच्या भिंतींना त्याच्या बायकोनं, खैरुननं, जुन्या गोधड्या ठोकून दिल्या. त्या खोलीत दंडारीची, म्हणजे इकडच्या लोकनाट्याची गाणी भरली जायची, भजनं, कव्वाल्या, निवडणुकीचा प्रचारसुद्धा. मुजफ्फरचा कान तयार होता. टाळ जरासा मागं पडला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

शहाण्णव सालच्या महाशिवरात्रीआधी त्यानं स्वतः जाऊन वारलूला बोलावून आणलं. वारलू वैनगंगेच्या काठचा, धान पिकवणारा शेतकरी. मार्कंड्याला महादेवाच्या यात्रेत दरवर्षी देवळाच्या पायरीवर बसून खंजिरीवर स्वतःची गाणी म्हणायचा. लहानपणी वडिलांसोबत यात्रेत माईक लावायला गेलेल्या मुजफ्फरनं ती ऐकली होती, आणि तेव्हापासून तो आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता. वारलूला लिहिता येत नव्हतं. सगळं डोक्यात. गोधड्यांच्या खोलीत बसताना त्यानं चपला बाहेर काढल्या, माईककडं बघून लाजला आणि डोळे मिटून सुरू झाला.

दिसला गा दिसला, मार्कंड्याचा देव,
वैनगंगेच्या पाण्यावर उमटे त्याचं नाव.
दिसला गा दिसला, बांधीच्या चिखलात,
रोवणाऱ्या बाईच्या हिरव्या ओंजळीत.

मुजफ्फर कानाला हेडफोन लावून मान डोलवत होता. गाणं संपलं असं वाटलं, तेवढ्यात वारलूनं खंजिरी खाली ठेवली आणि शेवटचं कडवं नुसत्या गळ्यानं म्हटलं.

सारे म्हणते दिसला गा, मीबी म्हणलो दिसला,
खोटा बोललो देवा तुले, मले नाई दिसला.
दिसशील का नाई दिसशील, तुह्या मनचा ठाव,
मी बसतो पायरीवर, घेत नाई नाव.

मुजफ्फरचा हात बटणावर तसाच राहिला. लहानपणापासून तो नमाजाला उभा राहत आला होता. कुणी सांगायचं की सजद्यात डोकं टेकलं की छातीत उजेड पडतो, कुणी सांगायचं की रडू येतं. तोही हो म्हणायचा. त्याला कधी काही झालं नव्हतं. ही गोष्ट त्यानं खैरुनलाही सांगितली नव्हती, आणि इथं हा खेड्यातला म्हातारा ती माईकसमोर मोकळ्या गळ्यानं सांगून बसला होता.

वारलू गेल्यावर त्यानं टेप परत वाजवली. मग भीती वाटायला लागली. ब्याण्णवच्या डिसेंबरानंतर चामोर्शीत काही झालं नव्हतं, पण लोक एकमेकांशी तोलून बोलायला लागले होते. यात्रेत मुजफ्फरचं ताडपत्रीखालचं दुकान लागणार, भोंग्यावर हे गाणं वाजणार, आणि कुणीतरी म्हणणार, मुसलमानानं महादेवाच्या दारात महादेवाची थट्टा विकायला आणली. देव दिसला नाही म्हणतो, नाव घेत नाही म्हणतो. हे गाणं रचलं कुणी ते कुणी विचारणार नाही. दुकान कुणाचं, तेवढंच विचारतील.

कॅसेट तयार करताना त्यानं शेवटचं कडवं मूळ टेपवरूनच कात्रीनं कापून टाकलं. ‘दिसला गा दिसला’ ही ओळ हळूहळू विरत गेली आणि गाणं तिथंच संपलं. ऐकताना अंगावर काटा यायचा, असं संपलं.

यात्रेत त्या कॅसेटचं गाणं सगळ्यांच्या तोंडी झालं. मूल, सावली, गडचिरोली अशा आसपासच्या गावांकडून लोक कॅसेट मागायला आले. महिन्याभरानं वारलू दुकानात आला, बाकावर टेकला, पाणी प्याला.

“मुजफ्फर, शेवटचं कडवं कुठी गेलं गा?”

उत्तर मुजफ्फरनं आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप बाहेर आलं. “टेप संपली होती भाऊ. तितलंच मावलं.”

वारलूचा चेहरा उतरला. “माहीच चूक. मीच लय लांबवलो. तुहं नुकसान त नाई झालं ना?”

“नाई नाई,” मुजफ्फर म्हणाला, आणि उगाच खोक्यातल्या कॅसेटी सरळ करत बसला. म्हाताऱ्यानं वर आपलीच माफी मागावी, हे त्याला सोसवेना. त्या दिवशी तो जेवला नाही. खैरुननं विचारलं, “तबियत ठीक नाई क्या?” तो म्हणाला, “पेट भारी है।”

पुढं जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. वारलूला मार्कंड्याचा देव दिसला, हे लोकांनी गाण्यातून ऐकलं आणि खरं धरलं. आधी भजनी मंडळवाले पाया पडायला आले. मग बाया लेकरं घेऊन यायला लागल्या. वारलू ओरडून सांगायचा, “मले कोनी दिसला नाई बाप्पा! मी साधा मानूस आहो.” लोक म्हणायचे, ज्याला दिसतो तो असंच म्हणतो. त्याच्या नाही म्हणण्यानं त्यांचा विश्वास आणखी पक्का झाला. कुणीतरी त्याला वारलू महाराज म्हणायला लागलं. त्याच्या बायकोला, मनकर्णाला, नदीवर बाया आधी पाणी भरू द्यायला लागल्या, आणि ती बिचारी घागर घेऊन मागंच उभी राहायची.

हे सगळं मुजफ्फरच्या कानावर येत होतं. दरवेळी तो मनाशी म्हणायचा, यंदा धान निघालं की जाऊन सांगू. धान निघायचं, यात्रा यायची, जायची.

अशातच एका पावसाळ्यात नदीपलीकडची सुकरी आपली मुलगी घेऊन वारलूच्या अंगणात आली. पोरीचं अंग तापानं फणफणत होतं. वारलू धानाच्या रोवणीसाठी बहिणीच्या गावी गेला होता. मनकर्णा म्हणाली, “बाई, पोरीले दवाखान्यात ने. हे काई करत नाई.” सुकरी म्हणाली, “महाराजांचा हात लागल्याबिगर मी हालत नाई.” ती ओसरीवर बसून राहिली. पोरगी बडबडायला लागली, मग बडबड थांबली. वारलू आला तो चिखलाच्या पायानंच तिला उचलून धावला. कुणाच्या तरी मोटारसायकलीवर गडचिरोलीला नेली. हिवताप डोक्यात गेला होता. पोरगी वाचली, पण तिचे कान गेले.

त्यानंतर वारलू गायला नाही. तो एकदाच दुकानात आला, बसलासुद्धा नाही. “ते कॅसेट इकू नको,” एवढं बोलून गेला.

मुजफ्फरनं त्याच दिवशी फळीवरच्या सगळ्या कॅसेटी उतरवल्या आणि गाणं पुसून टाकलं. पण त्याचा काय उपयोग होता? घराघरात दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेलं गाणं होतं, गडचिरोलीच्या दुकानांतून होतं, एसटीच्या ड्रायव्हरांकडं होतं. तो चौकात उभा असला की समोरच्या पानठेल्यावर ते वाजायचं आणि तो रस्ता ओलांडून दुसरीकडं जायचा. खैरुनला एकदा त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मेरे को काय को बताते? उनको जाके बोलो.”

सांगायला आणखी काही वर्षं गेली. दोन हजार तीनच्या उन्हाळ्याआधी वारलूला दम्यानं धरलं आहे असं कळलं, तेव्हा तो गेला. वारलू अंगणात कडुनिंबाखाली बसून दोर वळत होता. हात चालत होते, छाती भात्यासारखी वर खाली होत होती. मनकर्णानं चहा आणून दिला. मुजफ्फरनं कप हातात धरूनच सांगितलं.

“भाऊ, टेप संपली नोहती.”

वारलूचे हात थांबले. “कोनती टेप?”

“तुमचं शेवटचं कडवं मी कापलो. खोटं सांगितलो तुमाले.”

वारलूनं दोर मांडीवर ठेवला. मग विचारलं, “काऊन?”

“भेव वाटला. यात्रेत माहं दुकान. लोक म्हणले असते, मुसलमानानं देवाची थट्टा केली.”

“मले इचारला असता.”

“इचारलो असतो त तुमी कापू दिलं नसतं.”

“हो, नसतं दिलं. अखं गानंच नोको म्हणलो असतो.” वारलूला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, “मी इतके दिवस सोताले दोष देत होतो. वाटे, आपन लांबवलो नसतो त ते कडवं राह्यलं असतं, अन् सुकरी इथी आली नसती.”

मुजफ्फरला मान वर करवेना. चहा निवत होता. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, “मले वाटलं, तुमचा देवावर इस्वास नाई म्हणून तुमी तसं रचलं.”

पहिल्यांदाच वारलू चिडला. “इस्वास नाई? त्या कडव्यात मी बोलून राह्यलो कोनाशी? खोटा बोललो देवा तुले, म्हणलो ना? देवालेच म्हणलो ना? नाव घेत नाई म्हणलो, पन पायरी सोडतो म्हणलो का?” धाप लागून तो थांबला. “आधीचं सारं लोकांसाठी होतं. लोकाईले आवडते तसं. शेवटचं तेवढं त्याच्यासाठी होतं. तू लोकांचं ठेवला अन् त्याचंच काढून टाकला.”

मुजफ्फर रडायला लागला. त्याला म्हणायचं होतं की भाऊ, ते कडवं माझंपण होतं, मीपण इतकी वर्षं न दिसणाऱ्यापुढंच उभा राहतो. पण ते बोलायचा आपला हक्क आपण कात्रीनं कापून टाकला, असं त्याला वाटलं. त्यानं एवढंच विचारलं, “पुन्हा भरू का? मी मशीन घेऊन येतो.”

“आता दम कुठी हाये?” वारलू म्हणाला. मग दोर बाजूला ठेवून म्हणाला, “माफी मले कायले मागतं? सुकरीकडं जा.”

तो गेला. सुकरी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिची मुलगी, आता चांगली उंच झालेली, शेजारी बसून काड्या वेचत होती. मुजफ्फर मागून आला, त्यानं हाक मारली, ते तिला कळलंच नाही. सावली पडली तेव्हा तिनं वर पाहिलं. मुजफ्फरनं उभ्यानंच सगळं सांगितलं. सुकरीनं हात न थांबवता ऐकलं.

“वारलूभाऊ तवाबी म्हणत होते, मले कोनी दिसला नाई,” ती म्हणाली. “मीच मानली नाई. तुमचं गानं ऐकून बसली होती ना मी.” मग फुलं सारखी करत, “आता मले सांगून काय होते भाऊ?”

पोरीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्याच्या, आणि हातानं विचारलं, काय झालं? सुकरीनं काही नाही म्हणून हात हलवला. मुजफ्फरला तो हात फार दिवस दिसत राहिला.

वारलू त्याच वर्षी पावसाळ्यात दम्यानं गेला. पुढच्या महाशिवरात्रीला मुजफ्फर मार्कंड्याला गेला, दुकान न लावता. आता सीडीची दुकानं होती. एका दुकानाच्या पाटीवर वारलू महाराजांचं चित्र होतं, डोक्याभोवती तेजाचं वर्तुळ काढलेलं, आणि तेच गाणं वाजत होतं, तिथंच विरत होतं. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगत होता, “यायले साक्षात दर्शन झालं होतं. गान्यातच हाये ना.”

मुजफ्फर पुढं झाला. “नोहतं झालं. गानं अधुरं हाये ते. पुढं आनखी एक कडवं हाये.” त्याचा आवाज चांगला नव्हता, चालीवर तर तो कधीच गायला नव्हता, पण त्यानं त्या कडव्याच्या चारही ओळी तिथं उभं राहून म्हटल्या. दोनचार माणसं थांबली.

दुकानदारानं त्याच्या दाढीकडं पाहिलं. “तुमाले काय समजते आमच्या देवाचं? चला, गिऱ्हाइकाले जागा द्या.”

असल्याच बोलण्याला भिऊन मुजफ्फरनं कात्री चालवली होती. ऐकल्यावर त्याला कळलं की एवढं तर सोसता आलं असतं. तो बाजूला झाला. पुढं देवळाच्या वाटेवर आणखी एक सीडीवाला बसला होता, त्याच्याकडंही तेच गाणं लागलं होतं. मुजफ्फरनं घसा खाकरला आणि तिकडं निघाला.