अव्वांचं सरकतं स्वयंपाकघर

गॅरेजात दोन गोष्टी न सांगता साठतात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगार न्यायला अधनंमधनं टेम्पो तरी येतो. किस्से कोण नेणार? ते कोपऱ्यात एकावर एक चढत राहतात आणि एक उपसायला जावं तर दहा अंगावर येतात. म्हणून इथं एकाच गाडीचे तेवढे सांगतो.

गॅरेज माझ्या मामाचं. कळंब्याच्या वाटेवर, बस आणि ट्रकच्या बॉड्या बांधायचं. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला आणि तिथं वेल्डिंगला लागलो. 'का सोडलास?' हा प्रश्न मला ज्या ज्या म्हाताऱ्यांनी विचारला, त्यातल्या एकानंही उत्तर संपेपर्यंत ऐकलेलं नाही. वयानं माणूस शहाणा होतो म्हणतात. असं म्हणणारे सगळे वयस्करच असतात, हे कुणी बघत नाही!

आमच्या गॅरेजात असे दोन नमुने होते. मामा आणि तात्या सुतार. मामानं उभ्या जन्मात 'चुकलं' हा शब्द फक्त दुसऱ्याबद्दल वापरला होता. तात्या मामाला दुजोरा द्यायचा, मग मामा काय बोलला ते विचारायचा.

*

ही गाडी मामानंच बांधली, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. मी शाळेत होतो, त्यामुळे हा पहिला किस्सा ऐकीव. पण इतक्या जणांकडून ऐकलाय की बघितल्यासारखाच आहे.

कबनूरचे एक अण्णा, जैन, घरचे यंत्रमाग. त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर परदेशी माणसांचं चाकावरचं घर बघितलं. गाडी उभी केली की तिच्या कुशीतून एक खोली ड्रॉवरसारखी बाहेर सरकते! अण्णांच्या आई, म्हणजे अव्वा, बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसत. यात्रेला न्यायचं तर त्यांचं स्वयंपाकघर बरोबर पाहिजे. अण्णांनी जुनी बस आणि ते कॅलेंडर मामासमोर ठेवलं.

मामानं कॅलेंडर उलटं-सुलटं बघितलं आणि म्हणाला, "ह्यात काय हाय? कपाटाचा खण मोठा करायचा!"

आणि केला की! हँडल फिरवलं की सगळं स्वयंपाकघर रोलरवरून बाहेर. उलटं फिरवलं की आत. फक्त ते पूर्ण आत आलं की ओटा समोरच्या पलंगाला चिकटायचा. मध्ये मांजरालाही जागा नाही. हे मामाला कधी कळलं? ट्रायल घेताना. तात्या आत फळी ठोकत होता, मामानं बाहेरून हँडल फिरवलं, खोली झकास आत गेली. मामा खूश होऊन चहाला गेला.

तात्या ओटा आणि पलंगाच्या मध्ये उभा, पावातल्या भज्यासारखा. बोंबलायला छातीत हवा भरायची सोय नाही. मामा परत आला तेव्हा आतून बारीक आवाज आला, "मालक, काढू नका एकवेळ. पर माझा च्या तरी आत पाठवा!"

*

पुढं पाच-सहा वर्षांनी तीच गाडी परत आली. आली कशी, ते बघायला रस्ता गोळा झाला होता. स्वयंपाकघर अर्धं बाहेर आलेलं, ना आत जातंय ना बाहेर. अण्णांचा ड्रायव्हर कबनूरपासून तशीच घेऊन आला, पोट सुटलेल्या पैलवानासारखी.

वाटेत त्या स्वयंपाकघरानं जे जे गोळा केलं ते खिडकीला लटकत होतं. उसाची पाती, कुठल्यातरी भावी नेत्याच्या वाढदिवसाचा अर्धा बॅनर आणि एक वाळत घातलेली पँट, दोरीसकट.

अण्णा उतरून म्हणाले, "वाटेत लई मानपान झाला आमचा!"

एवढ्यात मागून एक गडी सायकल मारत आला. घामाघूम, खाली लुंगी. दम खाऊन म्हणाला, "पावणं, गाडी कुठंबी न्या, आमचं काय म्हणणं न्हाय. पर ती पँट द्या. मला आज पोरगी बघायला जायाचं हाय!"

*

खोली का अडकली? खालची फ्रेम गंजली होती. ते मला गाडी फाटकातून आत येतानाच दिसलं. पण आमच्याकडं दिसलेलं बोलायचा मान वयाप्रमाणं असतो.

मामानं गाडीभोवती एक फेरी मारली. पाठीमागं हात, चेहरा डॉक्टरसारखा. "गगनबावड्याचा पाऊस," तो म्हणाला. "तिकडचा पाऊस लोखंड खातोय."

"बरोबर हाय," तात्या म्हणाला.

अण्णा म्हणाले, "गाडी गगनबावड्याला कधी गेलीच न्हाई की."

"मग कोकणात गेली आसंल. खारं वारं."

"कोकणात बी न्हाई. गाडी बांधल्यापासनं कुठंच गेली न्हाई! मागाच्या शेडमागं उभी हाय."

मी मनात म्हटलं, आता तरी गप्प बसेल. छे!

"तेच तर! उभी ऱ्हायली म्हणून गंजली. फिरवली आसती गगनबावड्याला तर काय झालं नसतं!"

"बरोबर हाय," तात्या म्हणाला.

*

खरं कारण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत आलं. अव्वा. एवढीशी बाई, पांढरं लुगडं, हातात पितळी कळशी. आपलं स्वयंपाकघर परक्या पुरुषांच्या ताब्यात आहे हे त्यांना सोसवेना.

झालं असं होतं की यात्रा राहिली बाजूला, पण अव्वांना ते स्वयंपाकघर फार आवडलं. घरातल्या सुना लपूनछपून कांदा-लसूण आणायच्या. अव्वांनी भांडण न करता आपला संसार गाडीत हलवला. शेडमागं गाडी उभी, खोली बाहेर काढलेली आणि आत अव्वांचा शुद्ध सैपाक. गाडीची चाकं बसली, पण शेगडी रोज पेटली.

मी विचारलं, "अव्वा, फरशी पुसता कशानं?"

"पुसतेय?" अव्वांना राग आला. "पुसायला मी काय आळशी हाय? धुतेय! सकाळी बादल्या ओतून धुतेय. पुसलेल्या जमिनीवर सैपाक? बेड बेड!" वरून हातानंही 'नको नको' केलं.

रोजच्या त्या बादल्या पत्र्याच्या फरशीच्या फटीतून खाली जायच्या. फरशीखाली एक मोठा ट्रे होता, त्यात साठायच्या. मी खाली झोपून फ्रेमला स्क्रू-ड्रायव्हर लावला, तर लोखंड खारी बिस्किटासारखं चुरून तोंडात पडलं.

बाहेर येऊन मी मामाला विचारलं, "ट्रेला पाणी जायला भोक का ठेवलं न्हाईस?"

मामा माझ्याकडं कीव करून बघत म्हणाला, "आरं, घराच्या आत पानी येतंय का? आत येणारच न्हाय, तर बाहेर जायला भोक कशाला?"

"पण आलंय की!"

"ते त्यांचं चुकलं!"

*

आता घाई का होती ते सांगतो, कारण पुढं सगळं त्यावरच आहे.

अव्वांच्या थोरल्या बहिणीनं फार वर्षांपूर्वी दीक्षा घेतली होती. माताजी झाल्या. पायी फिरायचं, गाडीत बसायचं नाही, दिवसातून एकदाच जेवायचं. फिरत फिरत त्या सीमेपलीकडच्या एका गावात आल्या होत्या आणि चातुर्मासासाठी खाली दक्षिणेला निघणार होत्या. दोघीही थकलेल्या. परत भेट होईल याची कुणाला खात्री नव्हती. अव्वांना त्यांना एकदा जेवू घालायचं होतं. आणि तेही आपल्याच चुलीवरचं.

"अव्वा, त्या गावात धा घरं हायत आपली. कुणाच्या बी घरात सैपाक कर," अण्णा म्हणाले.

"दुसऱ्याच्या चुलीवर दुसऱ्याची भैन जेवतीय," अव्वा म्हणाल्या. विषय संपला.

मी फ्रेम मुळापासून कापायची म्हणालो. मामा म्हणाला, वरनं पट्टी मार आणि रंग दे. आमची कडाक्याची जुंपली. मी म्हणालो, "ह्या पट्टीमार माणसांमुळंच मी कॉलेज सोडलं! तिथं बी सगळे असलेच. स्वतःला येत न्हाय, दुसऱ्याला करू देत न्हाईत!"

अव्वा कळशी घेऊन सगळं ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "शिकवणारी चांगली नव्हती म्हणून शिकायचं सोडलास?"

"व्हय."

"सून सैपाक वाईट करत्या म्हणून मी काय जेवायचं सोडलं न्हाई बाबा. चूल येगळी मांडली."

तात्यानं पहिल्यांदा मामाला न विचारता मान डोलावली. म्हातारी माणसं मला आवडत नाहीत ती यासाठीच!

फ्रेम मात्र मी कापली. नवा लोखंडी चॅनल, नवे रोलर. आणि ट्रेच्या चारी कोपऱ्यांत मी स्वतः ड्रिलनं भोकं पाडली. मामा बघत होता. "नव्या कोऱ्या कामाला भोकं! लोकं म्हणतील, उंदरानं गाडी बांधली," एवढंच म्हणाला आणि रंगाचा डबा आणायला गेला.

*

आम्ही गेलो. अण्णा, अव्वा, ड्रायव्हर, मी, आणि 'काय बिघडलं तर ह्या इंजिनेरला काय कळतंय' म्हणून मामाही.

संध्याकाळी गावात पोचलो. एका घराच्या ओसरीला लागून गाडी उभी केली. हँडल फिरवलं, स्वयंपाकघर लोण्यासारखं बाहेर सरकलं. त्याचं दार थेट ओसरीत उघडत होतं. अव्वांनी प्रवासाची धूळ झाली म्हणून विहिरीच्या बादल्या मागवून फरशी धुतली. एकदा धुऊन समाधान होईना म्हणून परत धुतली. अंधार पडताना आम्ही खोली आत घेतली.

गावातल्या बायका अव्वांना हळू आवाजात सांगत होत्या, माताजी दोन दिवस उपाशी आहेत. आजारी नव्हत्या. या माताजी सकाळी जेवणाला निघताना मनात एक खूण धरतात. ती खूण ज्या दारात दिसेल त्याच दारात जेवण. खूण कुणाला सांगायची नाही. दिसली नाही तर तशाच परत, पाणीसुद्धा नाही. दोन दिवस खूण कुठंच दिसली नव्हती.

अव्वांनी ऐकत ऐकत उद्याचे तांदूळ निवडायला घेतले.

सकाळी हँडल फिरवलं. खोली निम्मी बाहेर आली आणि थांबली!

अव्वांनी पुढच्या दारानं चढून आत पाय धुतले. एवढ्याशा, म्हणून निम्म्या खोलीतही उभ्या राहिल्या. शेगडी पेटवली, सैपाक केला. पण ओसरीतलं दार खोली पूर्ण बाहेर आल्याशिवाय उघडत नव्हतं. कळशी घेऊन दारात उभं राहिल्याशिवाय माताजींना बोलवायचं कसं?

अण्णा म्हणाले, "अव्वा, गाडीच्या पुढच्या दारानं ये की खाली!"

आतून आवाज आला, "तिथनं सगळी चपला घालून चढल्यात! मी धुतलेल्या पायानं तिथनं येणार न्हाई!"

रस्त्यावर गाव सजून उभं होतं. आज तरी खूण जुळावी म्हणून ज्याला जे सुचेल ते. कुणी नारळ धरलेला, कुणी आंबा, एका घरातली सगळी माणसं उंचीप्रमाणं ओळीत. एकानं तर नव्या सुनेच्या हातात ऊस दिला होता. लांबून 'वंदामि माताजी, वंदामि' ऐकू यायला लागलं. निघाल्या होत्या.

मी आणि मामा गाडीखाली आडवे झालो. मी ट्रेवर हात फिरवला. भोकं सापडेनात.

"मामा, भोकं कुठं गेली?"

"बुजीवली."

"काय?"

"लांबीचा लगदा भरून वरनं रंग मारला. दिसायला बरं न्हवतं."

म्हणजे रात्रभर त्या सगळ्या बादल्या ट्रेमध्ये! खोली त्या ओझ्यानं खाली बसली होती, रोलर दाबून धरले होते. मी मामाला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्या गावात त्या सकाळी तर बोलण्यासारखंही नव्हतं.

"पानी न्हाईच हाय त्यात," मामा म्हणाला. ट्रेच्या बरोबर खाली तोंड करून म्हणाला. "आतलं पानी कधीच वाळलं आसंल."

गाडीखालून मला फक्त रस्ता दिसत होता. पायांची एक रांग, आणि तिच्यापुढनं सावकाश येणारे दोन अनवाणी पाय, वर पांढऱ्या साडीचा काठ. नारळवाल्यांपुढनं गेले. आंबेवाल्यांपुढनं गेले. ओळीतल्या घरापुढनं, ऊसवाल्या सुनेपुढनं गेले. कुठंच रेंगाळले नाहीत. आता आमच्याच दाराकडं येत होते, आणि आमच्या दारात कुणीच नव्हतं. गाडीखालून बाहेर आलेले मामाचे दोन पाय तेवढे होते.

मी स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि हातोडीचा दणका दिला.

लांबी फुटली. सगळं पाणी मामाच्या तोंडावर! शेगडीची राख, तांदळाचं धुवण, वाटेतली तांबडी माती, सगळं. मामा गुदमरला, थुंकला आणि उभ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला,

"चुकलं! माझंच चुकलं! भोक ठेवायला पायजे हुतं!"

वर खोली हलकी झाली आणि आपसूक पुढं सरकली. दार उघडल्याचा आवाज आला. मग अव्वांचा आवाज, "वंदामि माताजी, वंदामि..."

मामा डोळे चोळत मला ढोसत होता, "काय झालं रं? कोण हाय? काय झालं?"

मी बोटानं दाखवलं. त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर दोन दिवस कुठंच न थांबलेले ते अनवाणी पाय थांबले होते.