फरशीच्या औषधावरचा शिक्का

एकदा मी फरशी पुसायचं औषध कोशेर म्हणून घरी आणलं होतं. मीच आधी सांगून टाकते, कारण माझी लेक ही गोष्ट दर सणाला सांगते आणि दर वेळी तिच्यात एक बाटली वाढवते. बाटली एकच होती. लिंबाच्या वासाची.

तेव्हा मी साठीची पोर होते. गुडघे शाबूत, आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं असा चेहरा. त्या चेहऱ्याचा एक फोटो आहे माझ्याकडे. बघितला की वाटतं, या बाईला वेळेवर कुणी दोन शब्द सुनावायला हवे होते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. सासर साताऱ्याचं, मग नवऱ्याच्या नोकरीनं सांगलीला आलो आणि विश्रामबागेत राहिलो. कोशेर म्हणजे आमच्या धर्मात जे खायला चालतं ते. डुक्कर नाही, खवलं नसलेली मासळी नाही, मांस आणि दूध एका जेवणात नाही, आणि जनावर कापायचं तर आमच्याच रीतीनं. सांगलीत त्या रीतीनं कापणारं कुणी नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं माझ्या घरात मांस शिजलंच नाही. दर रविवारी अख्ख्या गल्लीत रस्सा उकळायचा आणि आम्ही नुसत्या वासावर वरणभात जेवायचो. याबद्दल मला कुणी कधी शाबासकी दिलेली नाही. पुढे जे झालं त्यात तर नाहीच नाही.

लेक लग्न होऊन इस्रायलला गेली होती. नवरा आणि चार वर्षांची मुलगी घेऊन ती पहिल्यांदाच माहेरी यायची होती. आठवडाभराचा मुक्काम, म्हणजे शुक्रवार एकच. शुक्रवारी सूर्य मावळताना आमचा शब्बाथ सुरू होतो, दिवे लागतात, सगळं घर एका टेबलाशी बसतं. नवरा वारल्यापासून त्या टेबलाशी मी एकटी बसत होते. मला त्या एका शुक्रवारी चार ताटं मांडायची होती. बाकी काही मागणं नव्हतं.

लेकीचा फोन आला. "आई, हे फार कडक पाळतात हं. पाकिटातलं काही आणलंस तर खूण बघून आण. गोल असतो, आत इंग्रजी अक्षर. म्हणजे कुणीतरी जाणकार कारखान्यात जाऊन बघून आलेला असतो."

"अगं, हिरवा ठिपका बघते की मी."

"हिरवा ठिपका मांस नाही एवढंच सांगतो. चीज कशानं विरजलंय, द्राक्षाचा रस कुणी काढलाय, यंत्रावर आधी काय बनलं होतं, ते सांगतो का?"

मी म्हटलं, "बरं बाई," आणि दुसऱ्या दिवशी चष्मा लावून सुपरमार्केटात गेले. तिथली मुलगी मागं मागं यायला लागली.

"काकू, काय शोधताय? जैन का तुम्ही? बिनकांद्याचं त्या रॅकला आहे."

"जैन नाही गं. यहुदी."

"म्हणजे ख्रिश्चनच ना?"

"नाही."

"मग मुसलमान?"

"नाही गं बाई, मराठीच!" मी म्हटलं. ती बिचारी चिप्सच्या रॅककडे निघून गेली.

आणि मग मला साक्षात्कार झाला. पहिल्याच बिस्किटाच्या पुड्यावर, नावाच्या कोपऱ्यात, इवलासा गोल आणि आत इंग्रजी आर. शेवयांवर आर. सॉसवर आर. चीजवर, सरबतावर, केकवर, सगळीकडे आर! आर म्हणजे रब्बी, आमचे धर्मगुरू, याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही. माझा ऊर भरून आला. वाटलं, आपण घरात डाळ-तांदूळ निवडत बसलो आणि तेवढ्यात रब्बींनी अख्खी बाजारपेठ तपासून काढली की! ढकलगाडी काठोकाठ भरली. शेवटी फरशीच्या औषधावरही आर दिसला तेव्हा कुणालाही थांबून विचार करावासा वाटला असता. मी मनात म्हटलं, काय काटेकोर माणसं आहेत! आणि तीही बाटली घेतली.

मंडळी आली. मी स्वयंपाकघरातलं मांडणीचं फडताळ उघडून जावयापुढे उभी राहिले, मुंजीतल्या यजमानिणीसारखी. जावई तिकडेच जन्मलेला, पण त्याच्या आजीनं घरात मराठी टिकवलेलं. त्यानं एक पुडा उचलला, फिरवला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मग बायकोकडे बघून हळूच काहीतरी बोलला. तोवर नातीनं बिस्किटाचा पुडा पकडला होता. त्यानं तो अलगद तिच्या हातातून काढून घेतला. पोरीनं भोकाड पसरलं.

लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, तो आर कंपनीनं आपलं नाव नोंदवल्याचा आहे गं. रब्बीचा काही संबंध नाही."

"मग गोल कशाला काढतात मेले!"

"आणि आई..." ती घुटमळली. "ते विचारताहेत, या घरात हे सगळं नेहमीच चालतं का? चीज, सरबतं? कारण मग भांड्यांचंही..."

न चालणारं काही शिजलं की आमच्यात भांडंही बाटतं, म्हणून हा प्रश्न. आजही हे लिहिताना माझ्या कानशिलाशी गरम होतं. भांड्यांचं! सातारच्या घरात सासूनं माझ्या हातून दुधाची पातेली वेगळ्या राखेनं घासून घेतली, तेव्हा हा जावई जन्मलाही नव्हता. ज्या घरात चीजचा तुकडा कधी आला नाही, तिथं माझ्या एका ढकलगाडीनं चाळीस वर्षांवर बोळा फिरवला. आणि ती गाडी मी कुणासाठी भरली होती? त्याच्याचसाठी ना!

तोवर लेकीनं बॅग उघडली. तिनं जेवण बरोबर आणलं होतं. डबाबंद मटार, डबाबंद मासे, खारी बिस्किटं, मीठ. मीठसुद्धा! आणि तळाशी एक पिवळं पाकीट. मी चष्मा लावला. हळद. पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं, भारतात उत्पादित. कोपऱ्यात तो गोल, तो खरा, आत खरं अक्षर.

सांगलीला हळद! अहो, या गावात हंगामाला बाजाराच्या बाजूनं गेलं तरी पदर पिवळा होऊन येतो. म्हणजे हळद इथून परदेशी जाते, तेव्हा तिच्यासाठी जाणकार येतो, कारखाना बघतो, शिक्का मारतो. आणि तीच हळद या गावातल्या यहुदी म्हातारीसाठी पुडीत भरतात तेव्हा शिक्क्याची गरज नाही? बाहेरच्या गिऱ्हाइकाचा धर्म धर्म, आणि घरच्याचा काय, पाणी मारलेली भाजी?

शेजारीण आली होती नातीला बघायला. तिचं माहेर कडेगावचं, घरची शेती. तिनं पाकीट हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, "आवं काकू, म्हंजी आमच्या वावरातली हळद परदेशात जाऊन शानी हुन आली व्हय?"

"शहाणी नाही, बाटगी," मी म्हटलं.

"आन् पाव्हणं काय खात्यात मग?"

"डब्यातले मटार."

"सांगलीत यिऊन? मटार?" ती जावयाकडे असं बघायला लागली, जसं काही त्याला लय मोठं दुखणं झालंय.

रागाच्या भरात मी पुड्यावरच्या ग्राहकसेवेला फोन लावला. "तुमच्या बिस्किटात तेल-पाणी एकजीव करायला जे पायसकारक घालता, ते कशाचं असतं?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के व्हेज आहे." मी म्हटलं, "ते कळलं. ज्या पट्ट्यावरून ही बिस्किटं येतात, त्यावरून आणखी काय येतं?" ती म्हणाली, "मॅम, तुम्ही खूप छान प्रश्न विचारलात." आणि फोन संगीतावर ठेवला. ते संगीत मी वरणाच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ऐकलं. खायच्या वस्तूत काय आहे हे खाणाऱ्यानं विचारलं की त्याला संगीत ऐकवायचं, ही कुठली रीत?

दोन दिवस त्या तिघांनी डब्यातलं खाल्लं, तेही कागदी ताटल्यांत. मी समोर बसून माझ्या ताटात जेवले. नात माझ्या भाताकडे बघायची, मी जावयाकडे बघायचे, जावई मटारांकडे. गुरुवार उजाडला आणि माझी चार ताटं काही मांडली जाईनात.

त्या सकाळी मी सवयीनं सूप घेऊन तांदूळ निवडायला बसले. जावई चहाचा स्वतःचा पेला घेऊन आला आणि शेजारी पाटावर बसला. बराच वेळ बघत राहिला. आमच्यात किडा खाणं निषिद्ध, म्हणून धान्य आणि पालेभाजी उजेडात धरून बघायची असते. तिकडे म्हणे याचे वर्ग भरतात. मी बोलत नव्हतेच त्याच्याशी. पण त्यानं हात पुढे केला, मी मूठभर तांदूळ दिले, आणि तो निवडायला लागला. दोन खडे त्याच्या नजरेतून सुटले. मी ते काढून त्याच्या तळहातावर ठेवले. म्हटलं, शिक्का नव्हता ना त्यांच्यावर, म्हणून दिसले नसतील.

तो हसला, आणि मला आणखीच राग आला. सासू म्हणायची, जे अख्खं पाहिलं नाही ते ताटात नको. म्हटलं, ठीक आहे, सगळं अख्खंच आणते. शेजारणीकडून हळकुंडं आणली आणि सातारहून आलेल्या लोखंडी खलबत्त्यात मी ती फोडली. पहिलं हळकुंड उडालं ते जावयाच्या कपाळावर लागलं, आणि मी ते मुद्दाम केलं नव्हतं असं मी आजवर सांगत आलेय. खडेमीठ. गव्हाचं पीठ घरघंटीवर. तेलासाठी जावयालाच लाकडी घाण्यावर नेलं. तिथं त्यानं दाणे ओतण्यापासून तेल ठिबकेपर्यंत उभं राहून सगळं पाहिलं. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षाचा रस लागतो, तोही यहुदी हातानं काढलेला. द्राक्षं शेजारणीच्या भावाच्या बागेतली आली, आणि ती नातीनं आणि तिच्या बापानं धुऊन हातानं चुरून नव्या कापडातून गाळली. पोरीच्या कोपरापर्यंत रस. भांड्यांचं लेकीनं त्याला काय सांगितलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यानंही पुन्हा विचारलं नाही. पण शुक्रवारी दुपारी कागदी ताटल्या बॅगेत परत गेल्या.

सूर्य मावळताना मी दिवे लावले. टेबलावर पोळ्या, भात, नारळाच्या दुधातली आमटी, आणि कृष्णाकाठची भरली वांगी. चार ताटं. जावयानं तीनदा वांगी घेतली. नात बापाच्या ताटातलं वांगं पळवत होती आणि तिला कुणी थांबवत नव्हतं.

एवढं झाल्यावर शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी गप्प बसले नाही. आमटी वाढता वाढता म्हटलंच, "का हो, या वांग्यावर कुठला गोल बघितलात?"

त्यानं पोळीनं ताट पुसलं आणि त्याच्या आजीच्या त्या जुन्या मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "आई, मी काय खातो ते तुम्ही मला विचारलंच नाही. तुम्ही दुकानाला विचारलं. मला विचारलं असतं, तर मी पहिल्या दिवशीच वांगी मागितली असती."