वंगणाचं कौतुक

विमानाच्या इंजिनातून तेल गळत होतं आणि ते पाहून मी खूश झाले होते. हा वेडेपणा मी इतकी वर्षं घरात कुणाला सांगितला नाही. आता दात गेले, त्यांच्यामागं लाजही गेली.

साठ सालानंतरची गोष्ट. माझं सासर झरीकडचं, गावात बैलाच्या बंडीशिवाय वाहन नाही. नवरा हैदराबादला नोकरीला. त्यानं ऐट म्हणून नागपूरहून विमानाचं तिकीट काढून पाठवलं. वीस वर्षांची मी, अंगात शहाणपणा मावत नव्हता. हवाईसुंदरीनं कानात घालायला कापूस दिला, तर मी तिलाच ऐकवलं, "आमच्या वावरात याच्याहून चांगला निघते, बाई."

विमान वर गेलं. थोड्याच वेळात खिडकीबाहेर, इंजिनाच्या मागं, पंखावर एक काळी रेघ उमटली. रेघेला बोटं फुटली, बोटांचा पंजा झाला. आमच्याकडे लांबच्या वाटेला निघण्याआधी बंडीच्या आसाला वंगण देत. चाकाशी काळा ओघळ दिसला की सासरे म्हणत, "आता पोहोचते बंडी." तो पंजा माझ्या खिडकीकडे सरकत राहिला आणि मी निर्धास्त बघत राहिले.

हवाईसुंदरी गोळ्यांचं ताट घेऊन आली. "भीती वाटते का?"

"कायले वाटन? वंगण काय सढळ हातानं देल्लं तुम्ही!"

ती वाकली. बाहेर पाहिलं. तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. ताट माझ्या मांडीवर ठेवून ती सावकाश पुढं निघून गेली.

मग धाकटा वैमानिक आला. माझ्या खांद्यावरून वाकून त्यानं रुमालानं काच पुसली. तेल काचेच्या बाहेरून होतं. त्यानं पुन्हा पुसली.

"हे कधीपासून?"

"वर्धा नदीच्याही आधीपासून," मी ऐटीत सांगितलं.

तो लगबगीनं पुढं परतला. जरा वेळानं बाहेरचा गरगरणारा पंखा मंदावला, त्याची पाती एकेक दिसू लागली आणि जागच्या जागी थांबली. मी कानातला कापूस काढला. तरी त्या बाजूनं काही ऐकू येईना.

विमान कलून माघारी वळलं. खाली आमचंच रान होतं, जंगल आणि मधे मधे पांढरी वावरं. कुठंतरी सासूबाई कापूस वेचत असतील. झाडांवरून विमानाची सावली आमच्यासोबत चालली होती आणि दर वेळी पाहावं तर आधीपेक्षा मोठी झालेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बंडी अडली तर खाली उतरता येते.

हवाईसुंदरी हलकेच म्हणाली, "हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवा."

"नवरा जिता आहे माझा!" मी ओरडलेच.

तिनं वाद घातला नाही. टॉवेल आणून माझ्या दोन्ही मनगटांना गुंडाळला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

नागपूरला चाकं टेकली, तेव्हाही कुणी हललं नाही. उतरले तर धाकटा वैमानिक पंखाखाली उभा, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. मला पाहून म्हणाला, "ताई, आमच्यासमोरचा तेलाचा काटा शेवटपर्यंत सगळं ठीक आहे असंच दाखवत होता. यापुढं कौतुक जरा लवकर करत जा."