एक्झॉस्ट फॅन आणि बाळंतिणीचा वारा

बाथरूमला एक्झॉस्ट फॅन बसवायचा, हे आमच्या घरात कितीतरी वर्षं नुसतं बोलण्यात होतं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी इंदापूरहून माहेरी यायची ठरली आणि मी तो विषय मिटवायला घेतला. कारण साधं होतं. आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, बाथरूम कपाटाएवढं आहे, आणि बाळंतीण न्हायला बसली की लवकर बाहेर येत नाही.

मी बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर पॅकिंगची शिफ्ट बघते. तिथे सेफ्टीचे लोक बॉयलरवरच्या माणसांना जे बजावतात ते आमच्याही कानावर पडतं. बंद जागेत गॅस जळत राहिला की एक विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोप लागल्यासारखा जातो. खरं तर गिझरच बाहेर काढायचा माझा विचार होता, पण प्लंबर म्हणाला फरशा फोडाव्या लागतील, पाइप फिरवावे लागतील, बाथरूम बरेच दिवस बंद राहील. दिवस भरलेली मुलगी दारात आणि घरात सगळा राडारोडा, हे मला नको होतं. म्हटलं, आत्ता फॅन बसवू, गिझरचं नंतर बघू.

इलेक्ट्रिशियन मी चौकशी करून निवडला. एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांची कामं करणारा, हाताखाली माणसं असलेला, तिशी ओलांडलेला. येतो म्हणाला त्या दिवशी आला नाही, पण दुसऱ्या दिवशी आला आणि काम मात्र देखणं केलं. व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्या काढल्या, तिथे प्लायवुड बसवलं, त्याला गोल भोक पाडून फॅन बसवला, बाहेरून झडप लावली. दाराच्या खाली हवा आत यायला फट ठेवायला मी सांगितली, तर दार काढून खालून तासूनही दिलं.

"हवा नीट बाहेर जाईल ना?" मी विचारलं.

"हवेचं काय घिऊन बसलाय ताई? दांडीवरचा टावेल आवळून बांधा, न्हायतर त्यो बी जाईल."

कागदाचा तुकडा धरून दाखवला. तो फट्कन जाळीला चिकटला. माझं समाधान झालं. घरात मी नियम घालून दिला : फॅन चालू केल्याशिवाय गिझर लावायचा नाही.

मुलगी आली. तिच्या पाठोपाठ निरवांगीहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. पिशवीत डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांचे धुतलेले तुकडे. हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेल्या आणि तिथूनच ओरडल्या.

"अगं, हे भोक कशाला पाडून ठिवलंस?"

"आतली हवा बाहेर जायला, आत्या."

"बाळंतीण न्हाणार हितं, आन् तू वाऱ्याला वाट करून देती व्हय?"

"वारा आत येत नाही त्यातून. बाहेर जातो."

"ज्या वाटंनं जातू त्याच वाटंनं येतू. मला नगं शिकवू."

आमच्या घरात धम्म आला तो आजेसासऱ्यांच्या वेळी. देव त्यांनी तेव्हाच पाण्यात सोडले. पाचवी पुजणं, सटवाईनं कपाळावर लिहिणं, दृष्ट काढणं, यातलं आत्या काही मानत नाहीत. मानणाऱ्या बायकांना तोंडावर हसतात. शेजारणीनं बाळाला काळी बाहुली बांधायला आणली तर म्हणतील, "तुझ्याच गळ्यात बांध, तुला गरज हाय." पण वारा ही त्यांच्या लेखी श्रद्धा नव्हतीच. ती माहिती होती. बाळंतिणीला वारा लागला की सांधे धरतात, डोकं कायमचं दुखतं, दूध आटतं. देव गेले, वारा राहिला.

मी त्यांच्याशी वाद घातला. बॉयलर सांगितला, वायू सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं बाई. तू म्हणतीस तसं."

मुलगी सुखरूप बाळंत झाली. तिलाही मुलगीच झाली. आम्ही घरी आलो. बाळंतिणीला न्हाऊ घालायला गल्लीतल्याच एक मावशी यायच्या. आधी बाळाला स्वयंपाकघरात पायांवर घेऊन अंघोळ, मग मुलीची मालिश, मग तिला बाथरूममध्ये कडकडीत पाणी. मी सकाळी निघायच्या आधी किंवा सुट्टीच्या दिवशी बाहेरून कान देत असे. फॅनची घरघर ऐकू आली की माझ्या कामाला लागत असे. एकदा आत जाऊनही बघितलं. पाती फिरत होती. मुलगी एक-दोनदा म्हणाली होती, "आई, न्हाऊन आलं की डोकं जड होतं." मावशी म्हणाल्या, बाळंतिणीला होतंच तसं, रक्त कमी असतं. मी तिला लोहाच्या गोळ्यांची आठवण केली.

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी ओसरीत बाळाचे लंगोट वाळत घालत होते. मावशींनी मुलीला पाठ चोळून दिली आणि बाळ रडायला लागलं म्हणून त्या बाहेर आल्या. आत गिझर चालू, पाण्याचा आवाज चालू, फॅनची घरघर चालू. सगळं नेहमीसारखं. फक्त पाण्याचा आवाज एकसारखा येत होता. अंघोळ करणाऱ्या माणसाचं पाणी असं पडत नाही. तांब्या भरतो, ओतला जातो, थांबतो.

मी हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. मग दार ढकललं. ते जडपणे उघडलं, कारण खालच्या फटीत जाड टॉवेल कोंबलेला होता.

मुलगी पाटावर बसल्या बसल्या भिंतीला कलंडली होती. डोळे अर्धे उघडे. नळ वाहून बादली भरून चालली होती. मी तिच्या तोंडावर चापट मारली, मान हलली नाही. नळ बंद केला की गिझर बंद केला, मला आठवत नाही. तिच्या काखेत हात घालून तशीच ओढत बाहेर आणली, ओसरी ओलांडून अंगणात. मावशी किंचाळल्या. आत्या गोधडी घेऊन धावल्या.

"झाक तिला! वारा लागंल! आत घी, आत!"

"आत नाही न्यायची!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचे लोक बाहेर आले. त्यातल्याच एकाच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. गाडीच्या सगळ्या काचा मी उघड्या ठेवायला लावल्या.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी गॅस गिझर आहे?"

"आहे. पण एक्झॉस्ट फॅन आहे. चालू होता. मी आवाज ऐकला."

"हवा आत-बाहेर जायला वाट होती?"

"फॅन चालू होता," मी परत म्हणाले.

"फॅन असला तरी गिझर आत नको होता," ते म्हणाले. "आणि तुम्ही थोडा उशीर केला असता तर मी आत्ता तुमच्याशी वेगळं बोलत असतो."

संध्याकाळपर्यंत मुलीनं डोळे नीट उघडले, मला ओळखलं, बाळ विचारलं. जावई इंदापूरहून येऊन तिच्या उशाशी बसला. मग मी घरी आले.

सरळ बाथरूममध्ये गेले. फॅन चालू केला. पाती फिरली, घरघर सुरू झाली. कागदाचा तुकडा जाळीजवळ धरला आणि सोडला. तो खाली पडला. दुसरा फाडला, अगदी जाळीला टेकवून सोडला. तोही पडला. फॅन फिरत होता आणि हवा हलत नव्हती.

घराच्या मागच्या अंगाला कंपाउंड आणि भिंत यांच्यामध्ये अरुंद बोळ आहे. तिकडे कोणी जात नाही. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन आत शिरले. झडप जिथे होती तिथे झडप नव्हती. तिथे प्लायवुडचा चौकोन होता. नेमका मापात कापलेला, चारी कोपऱ्यांत स्क्रू, कडेनं पांढऱ्या सिलिकॉनची एकसारखी रेघ. वर भिंतीच्या रंगाचा हातही मारलेला. सुबक काम. हा हात मी ओळखला.

फोन केल्यावर इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर आला. हसतच आत आला, आत्यांना म्हणाला, "जयभीम आजी, पोरगी बरी हाय न्हवं?"

मी त्याला बोळात नेलं आणि प्लायकडे बोट दाखवलं. "हे कुणी केलं?"

"मीच." त्याच्या चेहऱ्यावर लपवल्याची खूण नव्हती. "तुमी दवाखान्यात हुता तवा आजींनी फोन केला हुता."

"आजींनी फोन केला म्हणून तुम्ही एक्झॉस्ट फॅनचं तोंड बंद केलंत?"

"ताई, बाळंतीण येणार म्हणल्या. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा न्हाय, हे आमच्यात बी हाय की. सव्वा म्हयना झाला की काढून टाकणार हुतो. तसं बोललोच हुतो आमी."

"आणि फॅन? तो का चालू ठेवलात?"

त्यानं आत्यांकडे बघितलं. आत्या बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या.

"आवाज ऱ्हाऊ दे म्हणलं मी," आत्या म्हणाल्या. "तुझा कान सदा तिकडंच. आवाज आला न्हाय तर तू काढाय लावशील."

"टॉवेल?"

"मीच घातलेला. खालनं झोत येत हुता पायावर." मग आवाज चढवून, "लेकरानं लई मन लावून काम केलं. च्या सुदिक घेतला न्हाय. बाळंतिणीचं काम म्हणून केलं त्यानं!"

चोर सापडला असता तर मला बोलता आलं असतं. कामचुकार सापडला असता तर त्याचं कसं करायचं ते मला येतं, शिफ्टवर रोज तेच करते. इथे सगळ्यांनी माझ्या मुलीची काळजी घेतली होती. एकीनं रोज टॉवेलची घडी घालून फटीत कोंबली होती, दुसऱ्यानं सिलिकॉनची रेघ बोट फिरवून सारखी केली होती.

काल बाथरूममध्ये काय झालं ते मी त्याला सांगितलं. पाटावर बसलेली मुलगी, अर्धे डोळे, ऑक्सिजन. सांगता सांगता त्याचं हसू गेलं, मग रंग गेला. त्यानं खिशातून फोन काढला आणि फाटकापर्यंत जाऊन उभा राहिला.

"आई, तायडी कुठंय?... न्हाली का?... न्हाय न्हाय, बसू दिऊ नगंस. गिझर लावू नगं. ऐक तरी! खिडकीवरची प्लाय काढ. मी आल्यावर न्हाय, आत्ता. हातोडी घी आन् फोड. वारा ऱ्हाऊ दे गं! सांगतो तेवढं कर!"

त्याची बहीण बाळंतपणाला आली होती. तिच्याही खिडकीवर त्यानंच प्लाय मारली होती. अजून कुणाकुणाच्या घरी मारली, हे मी विचारलं. तो आठवायला लागला आणि मला तिथे उभं राहवेना.

"आधी हे काढा," मी म्हटलं. "मग गाडीला किक मारा आणि त्या सगळ्या घरांत जा."

प्लाय सहजासहजी निघाली नाही. काम पक्कं होतं. शेवटी त्यानं पटाशी घालून ती उचकटली, तेव्हा भिंतीचा पोपडाही सोबत आला. झडप त्यानं बोळातच कोपऱ्यात ठेवली होती, कागदात गुंडाळून. ती तो परत लावायला लागला, पण मी नको म्हटलं. गॅस सिलिंडरचा पाइप मी स्वतः काढला आणि गिझर त्याच्याकडून भिंतीवरून उतरवून घेतला. फरशा फुटल्या. फुटू दे म्हटलं.

आत्या दिवसभर जेवल्या नाहीत. मी आग्रह केला नाही. संध्याकाळी स्वतःच उठून टोपलीतली भाकरी घेतली आणि मला म्हणाल्या, "मला खोटं बोलायचं नव्हतं गं तुझ्याशी. तू ऐकत न्हाईस म्हणून." मी म्हटलं, "जेवा आता."

मुलगी घरी आली ती बाथरूमच्या दारापाशीच थबकली. आत जायला तयार होईना. गिझर नाही, फॅनचं भोक सताड उघडं, तरी नाही. मला तिचं पटलं. मग दुपारच्या उन्हात मागच्या अंगणात खाट उभी केली, तिच्यावर चादर टाकून आडोसा केला, चुलीवर पाणी तापवलं. मावशी म्हणाल्या, असं उघड्यावर त्यांनी कुणा बाळंतिणीला न्हाऊ घातलेलं नाही.

आत्या उठल्या. वारा ज्या बाजूनं येत होता तिकडे जाऊन, आडोशाकडे पाठ करून जमिनीवर बसल्या. पदर दोन्ही हातांनी पसरून.

"आत्या, सरका. ऊन अडतंय तिला."

"ऊन अडतंय का वारा अडतूय, माझं मी बघती." मग मान न वळवता आत हाक मारली, "हाईस का गं?"

"आहे, आजी."

तांब्याचा आवाज. पाणी ओतलं गेलं, थांबलं.

"हाईस का गं?"

"आहे."

परत तांब्या भरला, परत हाक गेली. या वेळी उत्तराला जरा वेळ लागला. मी खाटेकडे धावले. आत्याही गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या.

"आजी, डोळ्यात साबण गेलाय," मुलगी आतून ओरडली. "जरा गप बस की!"

आत्या परत खाली बसल्या. पण गप बसल्या नाहीत.