मेव्हणा चांगलाय

प्रेरणा भित्री, हे क्रांती चौकाजवळच्या त्या केंद्रात समद्यांना ठाऊक होतं. हार्ट अटॅकातून उठलेल्या माणसांना मशीनच्या पट्ट्यावर चालवून पुन्हा कामाजोगं करायचं, ही तिची नोकरी. आन् तिचा अंगठा सदा पट्टा थांबवायच्या लाल बटनापाशी.

भीती उगंच नव्हती. पहिल्या नोकरीत एक गावाकडचे बाबा पट्ट्यावर चालत होते. "दम किती लागला, शून्य ते दहा?" तिनं विचारलं. "दोन," म्हणले आन् जागीच कोसळले. उठलेच नाहीत. म्हातारा माणूस पोरीसमोर कण्हत नाय, हे वैजापूरकडं शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या प्रेरणाला कळायला पायजे होतं. तवापासून ती आकडा विचारायची, पण त्याच्यावर इसंबायची नाही. चालत्या माणसाला बोलतं ठेवायची.

गेल्या हप्त्यात तिनं तीनदा पट्टा बंद केला. तिन्ही वेळा काही निघालं नाही. तिचे वरिष्ठ अभयसर म्हणले, "आता एकदा विनाकारण थांबवलंस, तर गुडघेवाल्यांकडं पाठवीन."

आज पट्ट्यावर सर्जेराव. हा गडी महिनाभर चालता चालता मेव्हण्याचा उद्धार करायचा. मेव्हण्यानं विहिरीवरची मोटर मागून नेली होती आन् जाळून परत आणली होती.

आज मात्र गप.

"काका, दम किती?"

"दोन."

स्क्रीनवर ठोके समदे ठीक. प्रेरणाला पहिल्या नोकरीतले ते बाबा डोळ्यांपुढं दिसाया लागले.

"मेव्हणे काय म्हणतेत?"

"चांगलाय."

तिनं बटन दाबलं.

"काय झालं गं पोरी?" सर्जेराव खुर्चीत टेकले. "सकाळधरनं जबडा तेवढा दुखतोय. दाढंचं आसंल."

तिनं लगेच कार्डिओग्राम काढला. अभयसरांनी कागद बघितला आन् अँब्युलन्सला फोन लावला.

स्ट्रेचर लिफ्टपाशी आलं तवा बाहेर बसलेल्या वच्छलाबाई नवऱ्याकडं धावल्या.

"तुझ्या भावाला कळवू नको," सर्जेराव पुटपुटले. "भेटायला यील आन् दुसरी मोटर घिऊन जाईल."

"गप पडा हो."

"बोलू द्या त्यांना, काकू," प्रेरणा म्हणली.

लिफ्टचं दार लागलं. ती तिथंच कान लावून हुभी राहिली. मोटरीचं गाऱ्हाणं खाली खाली चाललं होतं. पहिल्या मजल्यापस्तोर गेलं, मग ऐकू येईना.