खांदेश्वरला अडकलेलं बिल

व्यापारात माल साठवावा लागतो, किस्से आपोआप साठतात. मी मूळचा भांडीवाला. दुकानाची बिलं काढता काढता कॉम्प्युटर शिकलो आणि आता कोपरखैरण्यात बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो. हाताखाली दोघं: उरणची नाझिया आणि ऐरोलीचा रुपेश.

सगळं सॉफ्टवेअर कोणी स्वतः लिहीत नाही. लोकांनी लिहून नेटवर फुकट ठेवलेले तयार तुकडे घ्यायचे; त्यांना पॅकेजेस म्हणतात. एकदा रुपेशने तारखा छापायला एक छोटं पॅकेज मागवलं, तर मागोमाग पंचवीस-तीस उतरली.

"हे काय रे?"

"शेठ, त्याला ती लागतात."

म्हणजे पाहुणा एक बोलावला, तो सासुरवाडी घेऊन आला!

* * *

मग रुपेशने साफसफाई काढली. "हे पॅकेज कोणीच वापरत नाही," म्हणत एक उडवलं. दुपारी सगळ्या गिऱ्हाइकांच्या बिलांवरून जीएसटी गायब.

नाझिया शांतपणे म्हणाली, "कोणीच म्हणजे तू."

* * *

करावेच्या मंदाताई हॉटेलांना मासळी पुरवतात. त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि आमची बिलं छापायची बंद झाली. छपाईचं पॅकेज नव्या मशीनवर चालेचना.

"शेठ, नारली पुनव तोंडावर हाय. होड्या सुटल्या का हॉटेलवाले छापील बिल मागतीन. तवर नाय झालं त मी दुसरा मानूस बघन."

मंदाताई गेल्या की अख्खं करावे गेलं, हे मला कळत होतं.

* * *

मी म्हटलं, "छपाईचं पॅकेज दुसरं घ्या."

नाझिया म्हणाली, "घेऊ की. मग सगळी बिलं नव्याने मांडायची. दिवाळीला देऊ."

रुपेश नुसता त्या पॅकेजवाल्याच्या नावाने बोटं मोडत होता.

* * *

मंदाताईंचं बिल पुनवेच्या आत निघालं, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही तरी टेन्शन घेऊ नका. पण निघालं कसं, ते ऐका.

माल येत नसेल तर व्यापारी गोदाम गाठतो. मी पॅकेजवाल्याचा पत्ता काढला, तर एक बाई निघाल्या, खांदेश्वरच्या! फोन करून घरी गेलो. मॅडमनी चहा ठेवला.

"माझं काम कधीच तयार आहे हो," त्या म्हणाल्या. "पण बिलावर 'अक्षरी रुपये' येतात ना, त्यासाठी मी दुसऱ्या एकाचं पॅकेज घेते. ते नव्या मशीनवर चालत नाही. त्याला तीनदा ईमेल केला. उत्तरच देत नाही."

मी तिथूनच ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. ऐकून रुपेश भडकलाच. "असलीच माणसं, शेठ! पॅकेज टाकतात आणि पळतात. नाव सांगा त्याचं, कुठेही असू दे, शोधून काढतो."

मॅडमनी चष्मा लावून वाचलं, "ऐरोली टायगर."

पलीकडे एक खुर्ची करकरली. मी दोनदा हॅलो म्हटलं. शेवटी नाझियाचा आवाज आला.

"मॅडम, टायगरला कॉलेजमधल्या ईमेलचा पासवर्ड आठवत नाहीये. पण सापडलाय तो. टेबलाखाली आहे."